हॉर्सेन्सचा मुक्काम

प्रेबेनने हॉर्सेन्सवरची टाचणी उपटली आणि नकाशाच्या पश्चिम टोकाला, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत नेऊन रोवली.

"इथे राहायचं," तो म्हणाला. "हॉर्सेन्समध्ये आहे काय? कारखाने आणि एक जुना तुरुंग."

आक्सेल कॉफी गाळत होता. त्याने वळून पाहिलं. फेब्रुवारीतली दुपार होती. आल्बोर्गमधल्या त्याच्या स्वयंपाकघरात तीन वाजताच दिवा लावावा लागला होता. टेबलावर डेन्मार्कचं अख्खं युटलंड पसरलेलं होतं आणि ते गुंडाळलं जाऊ नये म्हणून त्याच्या एका कोपऱ्यावर काळ्या पावाची लादी ठेवलेली होती.

उन्हाळ्यातल्या सायकल सफरीचा मार्ग आक्सेलने आखायचा, हे ठरून गेलेलं होतं. तो पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाला होता. प्रेबेन फ्रेडरिक्सहावनला फेरीबोटींच्या इंजिनांवर काम करून निवृत्त झालेला. सायकलींची देखभाल त्याच्याकडे. पूर्वी तिघं जात. तिसरी युटे, आक्सेलची बहीण आणि प्रेबेनची बायको. चार वर्षांपूर्वी ती गेली, पण या दोघांनी एकही उन्हाळा चुकवला नव्हता. दोन वर्षांपूर्वी प्रेबेनच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हाही ऑगस्टमध्ये का होईना, ते आठ दिवस जाऊन आले होते.

आक्सेलचे मार्ग वाकडेतिकडे असत. ट्रक धावतात तो रस्ता त्याला चालत नसे. त्यापायी दहा किलोमीटर जास्त पडले तरी बेहत्तर, पण एका हाताला पाणी किंवा झाडी हवी. यंदाची रेघ मात्र गावामागून गाव पकडत सरळ दक्षिणेला उतरली होती.

"व्हिबोर्ग, हॉर्सेन्स, कोल्डिंग, सोन्नरबोर्ग," प्रेबेनने एकेका गावावर बोट आपटलं. "चारही ठिकाणी मोठं इस्पितळ. मला काय दूधखुळा समजतोस?"

"कॉफी घे."

"दोन वर्षं झाली, आक्सेल. जिने चढतो, लाकडं फोडतो. आणि तू मला इस्पितळांच्या यात्रेला नेतोस? कडेवर घेऊनच चल की मग!"

"तुला घेण्याइतकी माझी कंबर धड नाही."

प्रेबेन हसला नाही. त्याने उरलेल्या टाचण्याही उपटल्या आणि पश्चिम किनाऱ्याने एकाखाली एक टोचत गेला. लिमफियॉर्ड खाडीच्या मुखापासून दक्षिणेच्या रीबेपर्यंत. शेवटची टाचणी टोचून तो मागे टेकला.

आक्सेलने चष्मा चढवून तो मार्ग नीट पाहिला. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना पाहत असेल तसा, वरून खाली.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "रहदारी नाही, रस्ता समुद्राला धरून. वारा तेवढा त्रास देईल. तू जा."

"तू जा म्हणजे?"

"मला त्या बाजूने येता येणार नाही."

त्याने कप खाली ठेवला, डाव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत सरकवली. मनगटाच्या वर एक लांब व्रण होता, आणि त्यावरची शीर दोरासारखी फुगलेली.

"बोट ठेव."

प्रेबेनने ठेवलं. कातडीखाली काहीतरी थरथरत होतं. ठोके नव्हेत, सलग गुणगुण. आयुष्यभर इंजिनांचे असे कंप बोटांनी ओळखत आलेल्या माणसाने पटकन हात मागे घेतला, मग पुन्हा ठेवला.

"मूत्रपिंडं," आक्सेल म्हणाला. "जानेवारीपासून डायलिसिसच्या यंत्रावर जातो. सुयांसाठी ही शीर जोडून दिलीय. सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार-चार तास. त्या चार गावांनी मला जागा द्यायचं कबूल केलंय. सोमवारी व्हिबोर्ग, बुधवारी हॉर्सेन्स, शुक्रवारी कोल्डिंग, पुढच्या सोमवारी सोन्नरबोर्ग. डॉक्टर म्हणाले, रोज चाळीस-पन्नास किलोमीटर, थकलात तर आगगाडी धरा. म्हणून रूळही जवळ ठेवलेत."

"आणि हे तू मला आज सांगतोस?"

"तू टाचण्या उपटल्यास म्हणून. नाहीतर व्हिबोर्गला सांगणार होतो."

प्रेबेन पुढे वाकून नकाशा पाहत होता. तेव्हा त्याला शिसपेन्सिलीच्या पुसट रेघा दिसल्या. चारही गावांतून एकेक वळसा निघाला होता. कुठे तळ्याला, कुठे फियॉर्डच्या खाडीकाठाने, कुठे बीच वृक्षांच्या झाडीतून, आणि फिरून त्याच गावात परतलेला. प्रत्येक वळशाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: साडेतीन तास.

"हे कोणासाठी?"

"मी नुसता पडून राहणार," आक्सेल म्हणाला. "तू तिथे बसून काय करशील? तुला दोन मिनिटं स्वस्थ बसवत नाही."

प्रेबेन उठला. सिंकपाशी जाऊन त्याने आधीच धुतलेला कप पुन्हा धुतला. मग येऊन एकेक टाचणी जागच्या जागी लावायला लागला.

जूनमध्ये ते ठरल्याप्रमाणे निघाले. व्हिबोर्गचा वळसा प्रेबेनने पुरा केला आणि परत येऊन तळ्यावर पाहिलेल्या बगळ्याचं तासभर वर्णन केलं. बुधवारी दुपारी एक वाजता ते हॉर्सेन्सला पोहोचले. परिचारिकेने आक्सेलच्या हातात सुया टोचल्या, नळ्या जोडल्या, यंत्र सुरू केलं. नळ्या लाल झाल्या तसा प्रेबेनने शिरस्त्राण उचललं.

"फियॉर्डला डावीकडे ठेव," आक्सेल म्हणाला. "पुलाच्या पुढे ट्रक असतात. सायकलची वाट सोडू नकोस."

"हो मास्तर."

दोनला दहा मिनिटं कमी असताना दार उघडलं. प्रेबेन आत आला, खुर्ची ओढून यंत्राशेजारी बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून यंत्राचे आकडे पाहू लागला.

"इतक्यात आलास?"

"पुढे जाववेना. फार वारा होता, समोरून."

आक्सेलने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. आवारातल्या खांबावर झेंडा मुळीच हलत नव्हता. काठीला बिलगून सरळ खाली लोंबत होता.

"हो," तो म्हणाला. "या भागात फार वारा असतो."