तबकडीवरचा पापुद्रा

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पापुद्रा दिसला तेव्हा तिला आधी आनंदच झाला. कारखान्यात चिपच्या लागोपाठ खेपा वाया जात होत्या. सिलिकॉनच्या तबकडीवर कोरलेल्या, केसाच्या हजाराव्या हिश्शाइतक्या बारीक तारा मध्येच तुटत होत्या आणि कारण काही हाती लागत नव्हतं. आता लागलं. गावावर दरड कोसळावी तसा तो पापुद्रा तारांवर आडवा पडला होता. कडा वळलेल्या, थरावर थर.

तो कशाचा आहे हे तिने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरच तपासलं. कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन, थोडं गंधक, म्हणजे माणसाची कातडी. पण आलेखात शेजारी जस्ताची उंच रेघ उभी राहिली. कारखान्यातल्या कुठल्याच कामात जस्त नव्हतं. ते होतं तिच्या घरी, मलमाच्या डबीत. तिचा नवरा रोज सकाळी ते धाकट्या भावाच्या पाठीला चोळत असे.

तो धाकटा भाऊ, तिचा दीर, इथेच आत क्लीन रूममध्ये, धुळीचा कणही चालत नाही अशा खोलीत, कामाला होता. आत जाताना तोंडाला पावडर लावलेली चालत नाही. ज्याच्या अंगाचे पापुद्रे निघतात त्याला तर दाराशीही उभं करत नाहीत. दिराने आजार लपवला होता. तिनेही.

जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला जिन्याखाली गाठलं.

"भाऊजी, तुमची पाठ तबकडीवर आलीय."

तो हसला. "आतल्या त्या पांढऱ्या पोशाखात डोळे सोडले तर माझं काही दिसत नाही, आणि तू पाठ ओळखलीस? कमाल आहे."

"चेष्टा पुरे. मलमातलं जस्त दिसतंय."

त्याचं हसू मावळलं. "साहेबांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग नको सांगू. वहिनी, कारखान्याबाहेर माझ्या शेजारी बाकावर कुणी बसत नाही गं. आत सगळी सारखीच, पांढरी बुजगावणी. तेवढाच वेळ मी माणसांत असतो."

ती जिना चढून वर गेली. साहेबांना म्हणाली, "धूळ वाटतेय. अजून बघते."

दिराने मग आपल्या परीने उपाय केला. मलमच बंद केलं. कातडी आणखी उकलत गेली आणि पुढच्या खेपेला तबकडीभर पापुद्रे पडले. जस्ताचा मात्र मागमूस नव्हता.

"अहो भाऊजी, एवढंही कळू नये?" घरी तिने कपाळाला हात लावला.

"तू जस्त म्हणालीस," तो म्हणाला. "मी जस्त काढून टाकलं."

दुसऱ्या दिवशी साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "धूळ म्हणजे पुसणाऱ्या बाईचा हलगर्जीपणा. उद्यापासून तिला येऊ नको म्हणून सांगतो."

काचेपलीकडे ती बाई गुडघे टेकून पुसलेलाच कोपरा पुन्हा पुसत होती.

"धूळ नाही ती, साहेब. कातडी आहे."

"कुणाची?"

तिने सांगितलं. आवाज इतका खोल गेला होता की साहेबांनी पुन्हा विचारलं, आणि तिला पुन्हा सांगावं लागलं.

दिराला बाहेर बोलावलं. कपडे बदलायच्या खोलीत त्याने डोक्यावरचं टोपडं काढलं तशी मानेवरून पांढरी भुकटी बाकावर गळली. बरोबरीचे लोक एकेक पाऊल मागे सरकले. हा आजार लागणारा नव्हता; इथल्या साध्या हवेत त्याच्या कातडीने कुणाचं काही बिघडणार नव्हतं, आणि हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. पण साहेबांनी पुराव्यादाखल आणायला लावलेली, बाद तबकड्यांची उघडी पेटी तिच्या हातात होती.

तिने आधी पेटीचं झाकण लावलं.

त्याने ते पाहिलं. मग खाली मान घालून तो पोशाखाची घडी घालू लागला. हळूहळू, काही उडणार नाही अशी.