उंदरांचं इंजेक्शन

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी दिग्रसचं जिनिंग संक्रांतीतच थंडावलं आणि उकंडा घरी बसला. कापसाच्या गाठी ओढून ओढून त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. हात कानापर्यंत पोचेना; केस विंचरायचे तर डोकंच फणीपाशी न्यावं लागे. डॉक्टरांनी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सांगितला होता. पण जे गिळता येत नाही की टोचता येत नाही, ते औषधच नव्हे, असं उकंडाचं ठाम मत.

त्याचा भाचा धम्मरत्न दारव्ह्यात व्यायामशाळा चालवायचा. त्यानं सांगितलं, पेप्टाइड नावाचं इंजेक्शन निघालंय. प्रथिनाचे बारीक तुकडे. ते फाटल्या-तुटल्या जागी दुरुस्तीचा निरोप देतात, दुखणंही पळतं. त्यानं ते मागवलंच होतं.

उकंडाची मुलगी मैत्रेयी फार्मसी शिकत होती. तिनं बापाला समजावलं, की यात आशा ठेवण्यासारखं आहे, पण या औषधाचे प्रयोग बहुतेक उंदरांवरच झालेत, माणसांत पुरती तपासणी नाही.

"उंदीर बरे झाले का?" उकंडानं विचारलं.

"झाले, बाबा."

"मंग मी का उंदराहून गेलो?"

त्यावर त्याची बायको तुळसाबाई म्हणाली, की उंदीर निदान दिवसभर हालचाल तरी करतो.

दुसऱ्या दिवशी दाढीचं निमित्त सांगून उकंडा जीपनं दारव्ह्याला गेला. धम्मरत्ननं पोटावर सुई टोचली आणि बजावलं, रोज भिंतीवर बोटं चढवली नाहीत तर औषध आतल्या आत मरून जाईल. मेलेलं औषध पोटात घेऊन हिंडायची कल्पनाच उकंडाला सोसेना. तो सकाळ-संध्याकाळ भिंतीला भिडला. भिंतीचा चुना गेला, तुळसाबाईची बोलणी बसली, पण होळीच्या सुमारास हात कानाच्या वर गेला.

मग तो भर चौकात हात उंच करून इंजेक्शनचा गुण लोकांना दाखवू लागला. एकदा तर पुसदची एसटी त्याच्यासमोर येऊन थांबली, आणि कंडक्टरनं त्याला नाही नाही ते ऐकवलं. गुडघेदुखीवाले मात्र धम्मरत्नचा पत्ता विचारू लागले.

हे कळताच मैत्रेयी घाबरून दारव्ह्याला धावली. धम्मरत्ननं मान खाली घालून कबूल केलं, की बाटलीवर 'माणसांसाठी नाही' असं वाचून त्यानं माल परत पाठवला. पण मामा एवढ्या दुरून आलेला, त्याला तसंच कसं धाडायचं? म्हणून नुसतं सलाइनचं पाणी टोचलं. मैत्रेयीनं त्याची चांगलीच खरडपट्टी काढली.

रात्री जेवताना तिनं बापाला सगळं सांगितलं. फसवणुकीचा राग यायला हवा हे उकंडाला कळत होतं, पण हात वर करून पाहिला तर तो जातच होता.

"पाण्यानंच इतकं झालं," तो म्हणाला, "तं खरं औषध आलं की मले कळवजो म्हणा त्याले."

"तोवर माळ्यावरचं पिंप खाली काढा," तुळसाबाई म्हणाली, आणि स्टूल पुढे सरकवलं.