फरीदाबाद ते नोएडा, व्हाया चंदीगड

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. परवापर्यंत मुक्काम होता नोएडातल्या एका फ्लॅटच्या माळ्यावर. पण उमेदीचे दिवस गेले ते फरीदाबादला, केतनरावांच्या स्वयंपाकघरात.

केतनराव पुण्याचे इंजिनियर. देशाची दारं उघडली आणि त्यांच्या कारखान्यात जपानी भागीदार आले. जपानी भाषेच्या तोंडी परीक्षेत जो पास होईल, तो वर्षभर जपानला जाणार होता. केतनरावांनी कंबर कसली. पण पुस्तक इंग्रजीतून, शिकवणीही इंग्रजीतून. प्रश्न ऐकला की ते आधी त्याचं इंग्रजी करत, उत्तरही इंग्रजीत जुळवत आणि मग जपानीकडे वळत. तोवर गाडी सुटलेली असे.

त्यांच्या पत्नी रेवतीताई पोळ्या लाटताना हसायच्या. "अहो, फरीदाबादहून शेजारच्या नोएडाला जायला कोणी चंदीगडवरून जातं का?"

"काय करू यार, इंग्लिश मीडियमचं डोकं आहे!"

शेवटी रेवतीताईंनी जपानी प्रश्न देवनागरीत लिहून घेतले आणि परीक्षक झाल्या. मी सगळं टिपत होतो. "घरी कोण कोण आहे?" हा प्रश्न आला आणि केतनराव अडकले. कुकरची शिट्टी झाली, तरी उत्तर नाही. अर्थ ठाऊक असलेली चिमुरडी वल्लरी न राहवून मराठीत ओरडली, "बाबा, मी आहे ना!"

परीक्षेतही त्यांची तीच गत झाली. जपानला दुसराच कोणी गेला. केतनरावांनी मला जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलं. मला फार वाईट वाटलं. दोष माझा नव्हता, त्यांचाही नव्हता.

वर्षं सरली. वल्लरी नोएडाच्या ऑफिसात लागली आणि जपानी शिकू लागली. आईचं ऐकून, चंदीगड टाळून. परवा तिने मला खाली काढलं, झिजलेला पट्टा बदलून आणला आणि तीच कॅसेट लावली. केतनराव पेपर वाचत होते. रेवतीताईंचा तरुण आवाज आला, "घरी कोण कोण आहे?" मग ती जुनी शांतता. केतनरावांनी मान खाली घातली.

आणि कॅसेटमधल्या कुकरची शिट्टी होण्याआधी वल्लरीने अस्खलित जपानीत उत्तर दिलं, "आई आहे, बाबा आहेत आणि मी आहे."

"बिल्कुल बरोबर!" केतनराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

म्हणून सांगतो मित्रांनो, आमच्यासारख्यांना कबाडीवाल्याच्या हवाली करण्याआधी एकदा चालू करून बघा. कोणाचं तरी उत्तर द्यायचं राहून गेलेलं असतं.