तेलाविना तीन मैल

दानिएलला बायकोपेक्षा गाडीच्या पोटाची काळजी जास्त, असं शिरूरच्या मिशनात सगळे म्हणत, आणि हन्ना ते हसून कबूल करी. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली ती रुग्णवाहिका. मिशननं तिच्यात दोन पलंग, एक स्टोव्ह आणि औषधांचं कपाट बसवलं होतं. हन्ना नर्स, दानिएल ड्रायव्हर. महिन्यातले पंधरा दिवस दोघं तिच्यातच निजत आणि गावोगाव औषध देत फिरत.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात तेल बदलायची वेळ आली, तेव्हा पुण्याच्या दुकानदारानं मळ धुऊन काढणारं नव्या तऱ्हेचं तेल त्याच्या गळ्यात मारायचा घाट घातला.

"माझ्या इंजिनात पंधरा वर्सांचा गाळ हाय," दानिएल म्हणाला. "तुमचं तेल त्यो समदा सोडवंल आन् जाळीत नेऊन कोंबंल. मला आपलं साधं द्या, जाड."

फिल्टरच्या बाबतीत तर त्यानं दुकानदाराचा जीव नकोसा केला. तीन फिल्टर नाकाशी धरून बघितले, त्यांची रबरं नखानं दाबली आणि चौथा घेतला.

दुसऱ्या दिवशी दौंडच्या अलीकडे तीन मैलांवर, एका वस्तीशी त्यांनी गाडी लावली. जुनं तेल इंजिन तापलेलं असतानाच काढायचं, म्हणजे घाण सोबत येते. दानिएलनं लगेच घमेलं खाली सरकवलं. काळं, कढत तेल त्यात उतरलं. त्यानं नवा फिल्टर बसवला, खालचा बोल्ट आवळला. आता फक्त डब्यातलं तेल ओतायचं राहिलं होतं.

तेवढ्यात सोजराबाई धावत आली. राहू गावची लेक, इथल्या हौसरावाची बायको. मागच्या फेरीत तिनं हन्नाला आपलं बोट कुणी मोडलं ते सांगितलं होतं, आणि ती गोष्ट नवऱ्याच्या कानावर गेली होती. आज तिचं कपाळ फुटलं होतं आणि एक डोळा रक्तानं बुजला होता.

"बाई, मला लपवा. त्यो मारूनच टाकनार हाय."

हन्नानं तिला आत ओढलं. "अहो, काढा गाडी!"

"तेल न्हाई त्यात!" दानिएल ओरडला आणि डब्याकडे झेपावला.

हौसराव कुऱ्हाड घेऊन आला होता. सोसायटीचा चेअरमन, गावात त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. त्याचा पहिला घाव डब्यावर बसला. पुण्याहून निवडून आणलेलं तेल भळाभळा मातीत गेलं. कुऱ्हाडीचा तुंबा, मागची बोथट बाजू, दानिएलच्या कानशिलात बसला आणि तो गुडघ्यांवर आला. हौसरावानं पायरीवर चढून सोजराबाईचे केस मुठीत धरले. हन्ना त्याच्या मनगटाला चावली, तर तिला लाथेनं कपाटावर फेकलं. बाटल्या फुटल्या. मग त्यानं सोजराबाईला खाली ओढलं, तिची मान पायरीवर दाबली आणि कुऱ्हाड उचलली.

दानिएलच्या हाताशी घमेलंच होतं. तेच तेल परत इंजिनात ओतावं असं त्याच्या मनात होतं. तेवढ्यावर गाडी शिरूरपर्यंतही गेली असती. त्यानं ते हौसरावाच्या तोंडावर फेकलं.

हौसराव असा किंचाळला की उसात काम करणारे त्याचे दोघे भाऊ काठ्या घेऊन धावले. दानिएलला त्याची जराही कीव आली नाही.

"चढा!" म्हणत त्यानं गाडी चालू केली.

पहिल्या मैलाला इंजिन नुसतं कुरकुरलं. दुसऱ्या मैलाला आतून हातोडे पडू लागले. तेलाचा काटा शून्यावर होता आणि आरशात भावांची जीप दिसत होती. अकरा वर्षं ज्या इंजिनाचा साधा खोकला त्यानं ऐकून घेतला नाही, ते आज तो स्वतः पाय दाबून मारत होता. तो मोठ्यानं रडत होता आणि ॲक्सिलरेटर सोडत नव्हता.

दौंडच्या पोलीस चौकीसमोर धाडकन आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. शिपाई बाहेर आले तशी जीप वळून निघून गेली.

शेजारच्याच दवाखान्यात डॉक्टर सोजराबाईला टाके घालू लागले. तिनं उघड्या डोळ्यानं दानिएलकडे बघितलं.

"मेला का हो त्यो, दादा?"

"न्हाई."

"मग यील परत." ती हे इतकं शांतपणे म्हणाली की हन्नानं तोंडाला पदर लावला.

दानिएलच्या कानातून रक्त येत होतं. कंपाउंडरनं त्याला बसायला सांगितलं, पण तो गाडीकडे गेला. बॉनेट त्यानं उघडलंसुद्धा नाही. सीटखालचं इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल काढलं, दवाखान्याच्या पायरीवर ते मांडीवर घेऊन बसला आणि रस्त्याकडे बघत राहिला.