गोदाचा अर्धा राहिलेला पाठ

मी एक फळा. भिंतीवरचा नव्हे, वर-खाली दांडी लावलेला, गुंडाळून काखेत मारायचा. बी.एड.ची पोरं मला घेऊन शाळाशाळांत सराव पाठ द्यायला जातात.

माझी पहिली मालकीण डोंबिवलीची योगिनी. अक्षर सुरेख, पाठ कडक. कारण पाठाआधी ती पाच मुलांना गाठून उत्तरं पढवायची. सगळेच पढवतात. मागे बसून शेरे लिहिणाऱ्यांनाही ते माहीत असतं. खोटं बोलू नका म्हणून पोरांना सांगायचं आणि खोट्या पाठाला ‘उत्तम’ द्यायचं, ही मोठ्या माणसांची रीत. योगिनी पास झाली, बँकेत लागली, मला कॉलेजातच टाकून गेली.

तिथे प्रवेशाच्या मुलाखतीच्या खोलीत कोपऱ्यात पडलो होतो. “शिक्षक का व्हायचंय?” प्रमोदिनी मॅडम विचारायच्या. “समाजाचं ऋण फेडायला,” एकेक जण घोकलेलं म्हणायचा. मग बाळकुमची गोदा आली.

“मॅडम, मी शाळेत गप्प बसायची. का गप्प आहे, ते कुणी विचारलंच नाय. मला विचारायचंय.”

मॅडमनी तिला घेतलं. तेवढं एक बाईंनी बरं केलं.

“हा कुणाचा नाय ना? मग माझा,” म्हणत गोदाने मला उचललं. फाटक्या कडेला आईच्या साडीची पट्टी शिवली. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

शीळफाट्याजवळच्या शाळेतली सहावीची पोरं असल्या पाठांत पक्की मुरलेली. “टीचर, कुठल्या प्रश्नाला कोणी हात वर करायचा?”

“ज्याला येईल त्याने.”

हे त्यांना नवीनच. एकही हात वर झाला नाही. दोन पाठ असेच आपटले.

“तिसराही असाच गेला, तर मी तुला अंतिम पाठाला बसवणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “वर्ष गेलं समज.”

“मॅडम, मुलं बोलत नाहीत.”

“इतरांच्या पाठात बोलतात ती!”

काय निरागस चेहरा केला होता बाईंनी!

गोदाच्या बी.एड.च्या वर्गातला हर्षित म्हणाला, “अगं ए, हीरो बनू नको. पाच पोरं पकड, चॉकलेट दे, सेटिंग लाव. मीपण तेच केलेलं.”

गोदाने चॉकलेटं घेतली. पाठाआधी व्हरांड्यात उभी राहिली. मी काखेत, तिच्या घामाने ओला. तेवढ्यात मैथिली नावाची मुलगी जवळ आली.

“टीचर, आज मला उत्तर द्याल? मला कोणीच देत नाही.”

गोदाने एक सोडून सगळी चॉकलेटं पिशवीत टाकली. ते एक मैथिलीच्या हातात ठेवलं. “उत्तर नाय देत. हे खा.”

पाठ सुरू झाला. “ओला शर्ट वाळतो. पाणी कुठे जातं?”

वर्ग चिडीचूप. मागे मॅडमचं पेन सरसावलं. गोदाने माझी दांडी घट्ट धरलेली. एकदम तिने बाटलीतल्या पाण्याने पंजा भिजवला, माझ्यावर दाबला आणि भोवती खडूने रेघ मारली.

“बघत राहा.”

सगळी पोरं बघत राहिली. आधी बोटं वाळली, मग तळवा. मैथिली उठली. “टीचर, गेलं! पण जाताना दिसलं नाही.”

“मग गेलं कशावरून?”

“रेघ आहे ना. आतलं ओलं नाही.”

“पंख्याने खाल्लं!” कुणीतरी ओरडलं.

“खुळ्या, आमच्याकडे पंखा बंद असतो तरी कपडे वाळतात!”

वर्ग पेटला. “टीचर, मीपण पंजा लावू?” आणि घंटा झाली. ‘बाष्पीभवन’ हा शब्द लिहायचाही राहिला होता.

मॅडम पुढे आल्या. “पाठ अर्धा राहिला, गोदा.”

“हो मॅडम.”

बाई खडूच्या पंजाकडे बघत थांबल्या. “उरलेला उद्या घे. शेरा उद्याच लिहीन.” दारातून वळून हळूच म्हणाल्या, “कुणाला पढवू नकोस हं.”

म्हणजे ठाऊक होतं ते कबूलही केलं बाईंनी! माझं डोकंच फिरलं. पण गोदा एकाच वेळी रडत होती, हसत होती. मग मीही राग सोडला.

उरलेला अर्धा पाठ झाला. अंतिम पाठही झाला. आता ती कल्याणच्या शाळेत शिकवते. तिथे भिंतीवर फळा आहे. माझं कापड विरलंय, तरी खडू धरतं. उद्या ती मला कॉलेजातल्या नव्या मुलीकडे देणार आहे.

बाई गं, जी कोण असशील ती, एवढंच ऐक. तू विचारशील आणि वर्ग गप्प बसेल. घाबरशील. खुशाल माझी दांडी घट्ट धर, पण उत्तर सांगून टाकू नकोस. थांब जरा. कुणीतरी अजून विचार करत असतं.