मोठा काय म्हणतोय?

मी मोठा बोलतोय. नावावर जाऊ नका. टेबलावर आम्ही कॉम्प्युटरचे तीन पडदे होतो, त्यांत अंगानं सगळ्यांत लहान मीच. कडा जाड, पाठीला फुगवटा, खालच्या कोपऱ्यात पिवळट डाग. तरी लक्ष्मीपुरीतल्या सयाजीराव बारदानवाल्यांच्या घरात मला मोठाच म्हणतात. का म्हणतात ते सांगतो, जरा बसा.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. आठवतं ते राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासपासूनचं. तिथं सर समोर असले की माझ्यावर टायपिंग चालायचं, आणि सर चहाला गेले की पत्ते. पुढं क्लास बंद पडला, मी माळ्यावर गेलो. अंधारात धूळ खात पडून राहिलो. आपलं संपलं, असंच धरून चाललो होतो.

इकडं सयाजीरावांचं काय चाललं होतं, ते मला नंतर ऐकून कळलं. त्यांचा धंदा बारदानाचा, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा. गुऱ्हाळवाले, आजऱ्याचे काजूवाले, जयसिंगपूरचे अडते, सगळे त्यांचं गिऱ्हाईक. शाळा बेताचीच, पण पोत्यावरून हात फिरवला की त्यात आधी काय भरलं होतं ते सांगायचे. प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि दुपारी रिकाम्या जायला लागल्या. मग मोबाइलवर बघून बघून शेअर बाजार शिकले. त्यातही स्कॅल्पिंग. घ्यायचं, दोन-चार मिनिटांत थोडा नफा चिमटीत धरायचा आणि बाहेर पडायचं.

तेव्हा त्यांच्याकडं एकच पडदा होता, मिनिटामिनिटाचा भाव दाखवणारा. भाव वर गेल्याची हिरवी कांडी दिसली की मालक ओरडायचे, "उठलं, उठलं!" आणि बटण दाबायचे. दाबलं की भाव पडायचा. शेजारचे सुतळीवाले खिजरभाई दारातून बघायचे आणि म्हणायचे, "सयाजीराव, तुम्ही घेतलं की पडतंय बघा. आधी आम्हाला हाळी देत जावा, आम्ही इकून मोकळं हुतो!"

एक दिवस मालकीण, संयोगिताबाई, लसूण सोलता सोलता बोलल्या, "अवो, एक इचारू? गुऱ्हाळं सुरू व्हायच्या आधी तुम्ही पोती भरून ठेवता. ते काय एका गिऱ्हाइकाचं तोंड बघून भरता व्हय?"

"येडी हायस का? हंगाम बघून भरतो."

"मग हितंच कशाला मिनिटाचं तोंड बघता?"

मालक त्याच आठवड्यात राजारामपुरीला आले, मला माळ्यावरून खाली काढायला लावलं, आणि गठ्ठ्यावर थाप मारतात तशी माझ्या पाठीवर मारून म्हणाले, "आवाज भरीव हाय. घेतो की." पडद्याची पारख आवाजावर करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

घरी जुन्या पडद्याशेजारी आणखी एक आणलेलाच होता; मी तिसरा आल्यावर वाटणी झाली. लहान्यावर एका मिनिटाचा तक्ता, मधल्यावर पंधरा मिनिटांचा, आणि माझ्यावर तासाचा. म्हणून मी मोठा. माझ्या अंगावर एक निळी रेघ असायची, मागच्या भावांच्या सरासरीची. भाव रेघेच्या वर आणि रेघ चढती, तर कल वरचा. भाव खाली आणि रेघ उतरती, तर कल खालचा. भाव रेघेला गुंडाळून बसला, तर कलच नाही.

तिन्हीकडं एकदम बघणं मालकांना जमेना. मग माझं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडं वळवलं आणि मला वाचायचं काम मालकिणींकडं आलं. त्या माहेरच्या कोडोलीच्या, जोतिबाचा डोंगर बघत वाढलेल्या. त्यांनी आपले शब्द आणले: चढ, उतार आणि कल नसेल तेव्हा सपाट माळ.

"मोठा काय म्हणतोय?" मालक लहान्यावरची नजर न काढता विचारायचे.

"उतार हाय."

मग लहान्यावर कितीही हिरव्या कांड्या नाचू देत, मालक खरेदीला हात लावायचे नाहीत. उताराला फक्त विक्री, म्हणजे आधी विकायचं आणि भाव पडला की परत घ्यायचं; चढाला फक्त खरेदी. मधल्यानं मान डोलावली की लहान्यावर बटण. आणि आतून "माळ हाय" असं आलं, की मालकीणच पुढं म्हणायच्या, "थांबायचं. माळावर वाट गावत न्हाय." मालक हात बांधून बसायचे. खिजरभाई चिडवायचे, "सौदा तुमचा का आमच्या वैनीचा?" मालक म्हणायचे, "बटण माझं, डोळं तिचं." घर हसायचं. माझे खरे दिवस ते.

बाजार उघडायच्या आधी मालकीण मला जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यानं पुसायच्या. तेव्हा मी बंद, काळा. त्यांचा चेहरा माझ्यात पडायचा. रोज एक चेहरा, एकापुढं एक. तासांचे भाव मांडायची सवय मला, तसे ते चेहरेही माझ्यात मांडले जात होते.

एका पावसाळ्यात पुसताना काचेवर टक असा आवाज झाला. बांगडी लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आधी त्या बांगड्या मनगटाला घट्ट असायच्या, काचेपर्यंत यायच्याच नाहीत. आता हात वर केला की कोपराकडं घसरायच्या, खाली आणला की माझ्यावर आदळायच्या.

"अगं, काच फोडशील की!" मालक म्हणाले.

"मला काय धाड भरलीय तुमची काच फोडायला," मालकीण हसल्या.

त्यांना जेवण जाईना. पण एखाद्या दिवशी अर्धी भाकरी जास्त खाल्ली की मालक खूश. "आज तरतरी हाय तोंडावर." परवा चहा घेतला, काल देवळापर्यंत चालली, आज बरं हाय. मी ओरडत होतो, मालक, ही लहान्यावरची कांडी आहे, माझ्याकडं बघा. पण पडद्याचा आवाज पाठीवर थाप मारल्याशिवाय येत नाही.

दिवाळीला लेक क्रांती जयसिंगपूरहून आली. गौरी-गणपतीनंतर पहिल्यांदाच. पिशवी उंबऱ्यातच राहिली.

"आई, हे काय गं झालंय तुझं?"

"काय न्हाय. दगदग झाली वाईच."

"गेल्या आठवड्यापेक्षा बरी हाय की," मालक म्हणाले. "सकाळी करंजी खाल्लीया तिनं."

"पप्पा, तुम्ही रोज बघताय म्हणून तुम्हाला दिसंना झालंय. मी गणपतीला बघून गेले ती आई ही न्हवं."

दुसऱ्याच दिवशी क्रांतीताई मालकिणींना दवाखान्यात घेऊन गेल्या. दुखणं पोटातलं होतं. डॉक्टरांनी आणखी काही सांगायच्या आधी एकच विचारलं, "इतके दिवस कसं कळलं नाही?" हे मालकांनी खिजरभाईंना सांगितलं ते मी ऐकलं. दिवसभर टिंगल करणारा तो माणूस, सुतळीचं बंडल मांडीवर घेऊन बसून राहिला.

उपचार झाले, पण फारसे लागू पडले नाहीत. मालकिणींची खाट बाहेरच्या खोलीत आली, माझ्यासमोरच. मालकांनी सौदे बंद केलेच होते. तरी त्या म्हणायच्या, "लावा की, बघत पडते." मग मालक मला एकट्यालाच चालू करायचे. लहाना आणि मधला काळे.

एका सकाळी बराच वेळ माझ्याकडं बघून त्यांनी मान वळवली. आवाज बारीक झाला होता.

"अवो. आज मी इचारते. मोठा काय म्हणतोय?"

"तुला दिसतंय की. चढ हाय आज."

"बाजाराचं न्हाय इचारत मी. माझं सांगा. चढ का उतार?"

मालकांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडंच बघत राहिले. माझ्या अंगावर रेघ चढतीच होती. मालक म्हणाले,

"माळ हाय."

इतक्या वर्षांत त्या घरात माझ्या नावावर खोटा कल कुणी सांगितला नव्हता. मालकिणींना ते कळलं, मला खात्री आहे. त्यांनी हात पुढं केला, बांगड्या पार पंजावर आल्या. मालकांचं बोट धरून म्हणाल्या, "मग थांबायचं."

आणि त्या थांबल्या. जमलं तेवढं थांबल्या.

मालकीण गेल्यावर लहाना आणि मधला मालकांनी देऊन टाकले. मला ठेवलं. आता बाजार नाही, तक्ता नाही, माझी वायरसुद्धा काढून गुंडाळून ठेवली आहे. पण रोज सकाळी मालक तोच धोतराचा तुकडा घेतात आणि मला पुसतात. क्रांतीताईंचा फोन येतो. "पप्पा, जेवलात का आज?" "व्हय, जेवलो की. आज आमटी झकास झाली हुती." ताईंचं समाधान होतं.

पावणं, तुम्ही इतका वेळ ऐकलंत, एक काम कराल? जयसिंगपूरकडं जाणं झालं तर क्रांतीताईंना एवढं सांगा: फोनवर आजचं विचारू नका. एकदा या आणि उंबऱ्यातून बघा, मागं बघितलं होतं तसं. मी बोललो तरी इथं ऐकणारं कुणी नाही, आणि मला तर रोज दिसतंय.

कारण परवापासून पुसताना काचेवर पुन्हा आवाज व्हायला लागलाय. मालकांच्या घड्याळाचा पट्टा सैल झालाय. हात खाली आला, की टक.