इंद्रभानची जोडनाव

वरवट बकालहून शेगावकडे येणाऱ्या रस्त्यावर पूर्णेला पूल नव्हता, तेव्हा तिथे इंद्रभान भोयाची जोडनाव चालायची. दोन मोठ्या नावा शेजारी शेजारी जखडलेल्या, वर सागाच्या फळ्या ठोकलेल्या, आणि या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला लोखंडी दोर. पावसाळाभर बैलगाड्या, व्यापाऱ्यांच्या मोटारी, डिपटी साहेबाची काळी फोर्ड, सगळं त्या फळ्यांवरून पार व्हायचं. मोटार चढवताना इंद्रभान तिच्यापुढे उलटा चालायचा आणि हट्टी वासराला बोलवावं तसं तिला हाताने बोलवायचा. चाकांना दगडांची अडण लागली की तो ओरडायचा, "वढा रे!" मग शेषराव आणि बाकीचे भोई दोराला हात घालायचे. एखादा शेठ पाण्याला भ्याला तर इंद्रभान हसायचा.

"डोये मिटून घ्या शेठ. उघडान तवा तिकडच्या काठाले असान."

त्याची एकुलती लेक रुख्मिणी त्या फळ्यांवरच रांगायला शिकली. पुढे तिला वरवट बकालच्या चिंतामणला दिली. लग्न वैशाखात झालं तेव्हा नदीत वाळूच होती. पण पंचमीला माहेरी येऊन ती परत निघाली तेव्हा पूर्णा भरून वाहत होती. त्या खेपेला इंद्रभानने कोणाला दोर धरू दिला नाही. सगळ्यांकडे पाठ करून तो एकटाच ओढत राहिला. शेषरावाने काय ते ओळखलं आणि बाकीच्या भोयांना मागे सारलं.

मग पूल झाला. दगडी, मजबूत, पण ठेंगणा. हारतुरे झाले, मोटारी भर्रकन पलीकडे गेल्या. सरकारी माणसं लोखंडी दोर गुंडाळून घेऊन गेली आणि नावा ओढून बाभळीखाली टाकल्या. पहिल्या उन्हाळ्यात इंद्रभानने नेहमीसारखा फटींत काथ्या ठोकला, वर डांबर फासलं. जाणारे-येणारे थांबून विचारायचे, "काऊन गा, मोटारी आता पुलावरून उतरून तुह्या नावेत बसतीन काय?" दुसऱ्या उन्हाळ्यात त्याने डांबराचं डबडं उघडलंच नाही. तो लोकांच्या वावरात निंदणाला जाऊ लागला. एक नाव लोकांनी फोडून गोठ्यांना लावली. दुसरी उन्हात तडकत पडून राहिली.

त्या वर्षीच्या भादव्यात तीन दिवस झड लागली. पूल पाण्याखाली गेला, कठडेसुद्धा दिसेनात. दुपारी इंद्रभानची बायको शालूबाई धावत वावरात आली.

"अहो, पलीकडं बंडी उभी हाये. जवाईबापू शेला हालवून राह्यले. पोरीचे दिवस भरले होते, तिले शेगावच्या दवाखान्यात घिऊन चालले असतीन!"

इंद्रभान काठावर पोचला. पलीकडे ताडपत्री बांधलेली बैलबंडी होती आणि पाण्यात गुडघाभर उतरून चिंतामण ओरडत होता. पाण्याच्या घोषात त्याचा एक शब्द ऐकू येत नव्हता. पण त्याने दोन्ही हात जोडले, तेव्हा इंद्रभान बाभळीकडे पळाला.

नावेच्या फटींतून बोट आरपार जात होतं. शेषराव मागोमाग आला.

"इंद्रभान, नाव नाही राह्यली ते. लाकडं हायेत नुसते."

"माही पोरगी हाये तिकडं."

शेषरावाने आपलं धोतर फाडलं. शालूबाईने घरातली लुगडी आणली, गोणपाट आणलं. चिंध्या ठोकून वर चिखल लिंपला. गावातल्या चौघांनी नाव ढकलली. इंद्रभान आणि शेषराव बांबू घेऊन चढले.

थोडा वेळ ती चालली. इंद्रभानला बंडीचे बैल ओळखू येऊ लागले, ताडपत्रीखालून बाहेर आलेला एक हात दिसल्यासारखा वाटला. मग तळाची फळी निघाली. पाणी पोटऱ्यांना लागलं, मांड्यांना लागलं, धारेने नाव आडवी केली आणि बुडालेल्या पुलावर आपटली. तिचे तुकडे झाले. शेषरावाने त्याला बकोटीला धरून कसंबसं याच काठाच्या झुडपात ओढलं. इंद्रभान उठून पुन्हा पाण्यात शिरत होता. चौघांनी त्याला दाबून धरलं.

"सोडा बे मले! सोडा!" तो ओरडत राहिला. मग आवाजही गेला.

पाणी उतरलं ते दुसऱ्या दिवशी. चिखलाने माखलेल्या पुलावरून इंद्रभान आणि शालूबाई पलीकडे गेली. बंडी तिथेच होती. रुख्मिणीच्या अंगावर चिंतामणने आपला शेला घातला होता. लेकरूही तिच्या पोटातच राहिलं होतं. शालूबाई बंडीत चढली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. ती रडत नव्हती. लेकीच्या केसांतला गुंता बोटांनी सोडवत होती.

चिंतामण चाकाला टेकून बसला होता. सासऱ्याकडे न पाहता तो म्हणाला, "मामाजी, तिले मी खोटं सांगतलं."

"काय सांगतलं?"

"नाव फुटलेली म्या पाह्यली. तुमाले वढून काढलं तेही पाह्यलं. ते आतून इचारे, बाबा निंघाले काय? म्या म्हनलं, हाव, निंघाले. थोड्यानं पुन्हा इचारे, कुठंवर आले? म्या म्हनलं, मधात आले." त्याने बंडीकडे पाहिलं. "शेवटी म्हने, मंग मी जराशी डोये मिटतो."

इंद्रभान त्याच्यापाशी खाली बसला. मग जावयाच्या डोक्यावर त्याने हात ठेवला.

"बरं केलं बापू," तो म्हणाला. "बरं केलं."

बैल कालपासून जुवाखालीच उभे होते. कोणाला त्यांचं भान नव्हतं. इंद्रभानने गळ्यातले जोते सोडले, त्यांच्या सोललेल्या मानांवरून हात फिरवला आणि कासरे धरून त्यांना पाण्यावर घेऊन गेला.